आधी आकडा, मग मोजणी

डिरेक्टरी सर्व्हर नावाचं सॉफ्टवेअर ऑफिसात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. सकाळी लॅपटॉप उघडून पासवर्ड टाकला, वायफाय लागलं, मेल आलं, प्रिंटरने कागद ओढला; या प्रत्येक वेळी पडद्यामागे त्याला विचारलं गेलेलं असतं, की हा माणूस आपलाच का आणि याला काय काय उघडून द्यायचं. त्याने दोन-चार मिलिसेकंदांत उत्तर दिलेलं असतं आणि कोणी त्याचे आभार मानलेले नसतात. वर्षानुवर्षं असं चालतं. मग खरेदी खात्यात दोन कोटेशनं येऊन पडतात आणि मीटिंगमध्ये एखाद्या साहेबांना प्रश्न पडतो, "यातलं फास्ट कुठलं? आणि कुठल्या मशीनवर? लिनक्सवर की विंडोजवर?" सगळे आधी टेबलाकडे बघतात, मग सगळ्यात नवीन कोण आहे त्याच्याकडे. ते तुम्ही. पंधरा दिवसांत चार्ट हवा.

घाबरायचं कारण नाही. बेंचमार्क नीट करणं अवघड आहे, पण हवा तो आकडा आणणं सोपं आहे, आणि मागणी बहुतेक वेळा दुसऱ्याचीच असते. पुढचं मार्गदर्शन त्यासाठी. कोणाला पहिल्यातच रस असेल तर त्याने प्रत्येक सूचना उलटी वाचावी.

स्पर्धकांची वंशावळ

चार्टवर कोणाला उभं करायचं हे ठरवण्याआधी त्यांची नाती माहीत असलेली बरी. १९८८ साली टेलिफोनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने एक्स.५०० नावाचं मानक काढलं. जगभराची मिळून एकच डिरेक्टरी, असा भव्य बेत. ते चालवायला लागणारा पसारा त्या वेळच्या साध्या पीसीला झेपेना, म्हणून मिशिगन विद्यापीठातले टिम हाउज आणि त्यांच्या जोडीदारांनी त्याची हलकी आवृत्ती केली. १९९३ मध्ये तिचं पहिलं आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या मानकांचं पत्रक, निघालं. हीच एलडॅप. तिच्यासाठी मिशिगनलाच लिहिलेला सर्व्हर म्हणजे स्लॅपडी. पुढे हाउज नेटस्केपमध्ये गेले आणि नेटस्केपचा डिरेक्टरी सर्व्हर त्याच मुशीतून निघाला. नेटस्केप एओएलने घेतली, सन या कंपनीबरोबर तिचा संसार थाटला गेला आणि मोडला, शेवटी २००४ मध्ये रेड हॅटने तो सर्व्हर विकत घेऊन पुढच्या वर्षी त्याचा सोर्स कोड खुला केला. आज त्याचं नाव ३८९ डिरेक्टरी सर्व्हर. ३८९ हा एलडॅपचा पोर्ट. इकडे मूळ स्लॅपडी १९९८ पासून ओपनएलडॅप प्रकल्पाकडे आहे. त्यामुळे चालू प्रोसेसची यादी काढली, की एका मशीनवर 'स्लॅपडी' दिसतो आणि दुसऱ्यावर 'एनएस-स्लॅपडी'. तुम्ही जिला स्पर्धा समजताय ती भाऊबंदकी आहे. याखेरीज जावामध्ये लिहिलेली मंडळी आहेत, ओपनडीएस आणि त्याचे वंशज, अपाचे डिरेक्टरी वगैरे. आणि विंडोज २००० बरोबर आलेली मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी, जी विंडोज सोडून कुठे नांदत नाही.

या सगळ्यांचा स्वभाव मात्र एक. वाचायला सतत, लिहायला क्वचित. माणूस नोकरीला लागतो एकदा आणि पासवर्ड टाकतो रोज. सगळी रचना वाचन जलद व्हावं म्हणून केलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे लबाडीला कामाला येतं.

पायरी पहिली: निकाल ठरवणे

मशीनला हात लावण्याआधी खरेदी खात्यात एक चक्कर मारा. कोणतं उत्पादन घ्यायचं हे बहुधा ठरलेलं असतं. चार्ट हवा असतो तो फाइलला लावायला. मार्चअखेर जवळ असेल तर हे नक्कीच. ठरलेलं नाव कळलं की पुढची सगळी कामं सोपी होतात.

खोटं बोलावं लागेल अशी शंका मनात असेल तर ती काढून टाका. एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट नावाच्या अमेरिकन कंपनीने एक अहवाल काढला: विंडोज एनटी ४.० हे फाइल सर्व्हर म्हणून लिनक्सच्या अडीच पट आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान. खर्च मायक्रोसॉफ्टचा होता. लिनक्सवाले खवळले. एनटीला न्हाऊमाखू घालून उभं केलंत आणि लिनक्सला झोपेतून उठवून, असा आरोप झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. त्या वर्षी जूनमध्ये लिनक्सच्या माणसांना बोलावून, त्यांच्या हाताने मशीन लावून चाचणी पुन्हा झाली. फरक कमी झाला, पण एनटी तरीही पुढेच राहिलं. कारण चाचणीच्या मशीनला प्रोसेसर होते चार आणि नेटवर्क कार्डंही चार, आणि त्या काळच्या लिनक्सचं नेटवर्कचं काम एका कुलपामागे रांग लावून होत असे. तीन प्रोसेसर उभे राहून चौथ्याची वाट बघायचे. त्या काळी सहसा कोणाच्या ऑफिसात चार कार्डांचा वेब सर्व्हर नव्हता. पण मशीन तेच निवडलं गेलं आणि आकडा खरा निघाला. पुढे लिनक्सवाल्यांनी ते कुलूप काढलं, ही त्या वादाची चांगली बाजू. तुमच्या कामाची बाजू ही, की प्रतिस्पर्ध्याचं दुखणं शोधून नेमकं तिथेच मोजलं तर खोटं बोलायची वेळ येत नाही.

याच माइंडक्राफ्टने डिरेक्टरी सर्व्हर मोजायला डिरेक्टरीमार्क नावाचं साधनही काढलं होतं. तेव्हा तुम्ही ज्या धंद्यात शिरताय त्याला घराणं आहे.

पायरी दुसरी: खोटी माणसं जमवणे

चाचणीसाठी डिरेक्टरीत माणसं भरावी लागतात. त्यासाठी तयार साधनं आहेत. एक लाख माणसं चहा होईपर्यंत तयार होतात. त्यांची नावं यूजर.०, यूजर.१, यूजर.२ अशी ठेवावीत. त्यांना फोटो नसावा, बदली नसावी, आणि मुख्य म्हणजे ती कोणत्याही ग्रुपमध्ये नसावीत. खऱ्या डिरेक्टरीत 'सर्व कर्मचारी' नावाचा एक ग्रुप असतो, त्यात वीस हजार सभासद असतात, आणि एक माणूस वाढवला तरी काही सर्व्हरांना त्या ग्रुपची अख्खी एंट्री पुन्हा लिहून काढावी लागते. सर्व्हरची खरी कसोटी लागते ती इथे. म्हणूनच चाचणीत ग्रुप नको.

आडनावांचंही भान ठेवा. तयार साधनांतली आडनावं परदेशी आणि व्यवस्थित विखुरलेली असतात. कुठलंही शोधलं तरी मूठभर माणसं निघतात. महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या संस्थेच्या खऱ्या डिरेक्टरीत 'पाटील' शोधून बघा. ओपनएलडॅप मुळात एका शोधात ५०० एंट्र्या देऊन थांबतो, कारण कोणी वेगळं सांगितलं नाही तर मर्यादा तेवढीच असते. पाचशे पाटील हाती येतात, त्यामागे 'मर्यादा ओलांडली' असा चार नंबरचा कोड येतो, आणि आपल्याला हवा असलेला पाटील त्यात असेलच असं नाही. हा अनुभव चार्टवर कसा दाखवायचा याची पद्धत अजून निघालेली नाही, तेव्हा यूजर.० बरा.

एकूण एंट्र्या किती असाव्यात? रॅममध्ये मावतील इतक्या, हे सामान्य उत्तर. बारकाईचं उत्तर असं, की ओपनएलडॅपच्या इंडेक्समध्ये एका किल्लीखाली साधारण ६५ हजार एंट्र्यांची नेमकी यादी राहते. त्यापलीकडे गेलं की नेमकी यादी सोडून 'इथपासून तिथपर्यंत कुठेतरी' असा पट्टा ठेवला जातो, आणि पट्ट्यातली प्रत्येक एंट्री उघडून तपासावी लागते. त्यामुळे एखादी अट ५० हजार जणांना लागू पडते की ८० हजार, यावर एकाच सर्व्हरचे दोन वेगळे स्वभाव दिसतात. ओपनएलडॅप तुमचा लाडका असेल तर ५० हजारांना लागू पडणारी अट घ्या. नसेल तर ८०.

पायरी तिसरी: आपला तो बाब्या

'दोन्ही सर्व्हर मूळ सेटिंगवर चालवले' हे वाक्य अहवालात अत्यंत सात्त्विक दिसतं. ते जरूर लिहा, पण आधी कोणाची मूळ सेटिंग कशी आहे ते बघा. ३८९ च्या नव्या आवृत्त्या मशीनची रॅम पाहून कॅश किती घ्यायची ते आपणच ठरवतात. ओपनएलडॅपच्या एलएमडीबी या डेटाबेसची कमाल मर्यादा, तुम्ही काही लिहिलं नाही तर, १० एमबी असते. तुमची लाख माणसं भरायला घेतली की तो काही हजारांवर थांबतो आणि जागा संपल्याचं सांगतो. हा दोष नाही. किती जागा द्यायची ते मालकाने सांगावं अशी त्याची शिस्त आहे. मीटिंगमध्ये मात्र 'तो लाख माणसंसुद्धा घेईना' एवढंच सांगायचं.

इंडेक्सचंही तसंच. लाडक्या सर्व्हरवर ज्या ज्या गोष्टीने शोध होणार आहे तिचा इंडेक्स करा. दुसऱ्यावर विसरा. बिचारा प्रत्येक शोधाला लाखच्या लाख एंट्र्या चाळतो आणि वर लॉगमध्ये 'अमुक गोष्टीचा इंडेक्स नाही' असं दर वेळी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. हे कोणी वाचेल अशी भीती असेल तर लॉग बंद करा. लॉग बंद केल्याने वेगही वाढतो, तेव्हा ते लाडक्यावर आधी करा.

आणि आवृत्ती. ओपनएलडॅप पूर्वी बर्कली डीबीवर चालायचा, त्याला तीन वेगवेगळ्या कॅशची मापं हाताने द्यावी लागत आणि ती चुकली की तो रखडायचा. २०११ मध्ये हॉवर्ड चू यांनी त्याच्यासाठी एलएमडीबी लिहिलं, ज्यात वाचणाऱ्याला कुलूपच घ्यावं लागत नाही आणि कॅशची कटकट ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवलेली असते. २०२१ च्या २.५ आवृत्तीत बर्कली डीबीचा बॅकएंड काढूनच टाकला. पण त्या जुन्या काळातले आकडे अजून उद्धृत होतात. प्रतिस्पर्ध्यासाठी ते वापरावेत, किंवा लिनक्सच्या जुन्या वितरणाबरोबर आलेलं जे काही असेल ते. आपलं मात्र या आठवड्यात उतरवून घेतलेलं.

पायरी चौथी: मारा

आता सर्व्हरवर प्रश्नांचा मारा करणारा प्रोग्राम लागेल. सनमध्ये नील विल्सन यांनी लिहिलेला स्लॅमडी हा त्यातला नावाजलेला. तो एकाच वेळी अनेक मशीनांवरून मारा करतो. एवढा खटाटोप कशाला? मारा करणारा प्रोग्राम सर्व्हरच्याच मशीनवर चालवा. परीक्षेला बसलेल्या पोरानेच पेपर काढावा, तपासावा आणि मधल्या वेळात सोडवावा, तसं होतं. अर्धे प्रोसेसर प्रश्न विचारण्यातच जातात. जो सर्व्हर जास्त चपळ, त्याला मारा करणारा प्रोग्रामही जास्त पळवावा लागतो, म्हणजे चपळ सर्व्हरचाच जास्त तोटा. दोन स्पर्धकांतलं अंतर कमी दाखवायचं असेल तर याला तोड नाही.

आता जरा थांबून एक तक्ता बघू. नवशिक्याने मन लावून मोजलेलं आहे: जुना दोन प्रोसेसरचा सर्व्हर, सेकंदाला ४७०. नवा ३२ प्रोसेसरचा सर्व्हर, ४७०. रॅम दुप्पट केली, ४७०. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, ४७०. नवशिक्या निष्कर्ष काढतो: या सॉफ्टवेअरला नव्या हार्डवेअरचा उपयोगच करता येत नाही. निष्कर्ष चार्टवर शोभतो, पण हा ४७० सर्व्हरचा नव्हेच. मारा करणारा प्रोग्राम प्रत्येक प्रश्नाला नवं कनेक्शन उघडून बंद करत होता. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ इतके पोर्ट असतात, म्हणजे २८ हजारांच्या आसपास, आणि बंद केलेला पोर्ट साठ सेकंद सुतकात बसतो. २८ हजारांना साठने भागा. आलेला आकडा हा मारा करणाऱ्या मशीनची पोर्ट संपवण्याची गती आहे. सर्व्हर तिकडे हातावर हात धरून बसलेला. हाच प्रोग्राम विंडोजवरून चालवला तर पोर्ट १६ हजारच असतात, त्यामुळे आकडा वेगळाच येतो, आणि 'लिनक्स विरुद्ध विंडोज' असा एक सुबक चार्ट फुकटात तयार होतो.

असाच दुसरा आकडा २५. एका कनेक्शनवर सेकंदाला बरोबर २५ शोध, कुठल्याही मशीनवर. एलडॅपच्या शोधाचं उत्तर दोन तुकड्यांत येतं: आधी सापडलेली एंट्री, मग 'झालं' असा निरोप. सर्व्हरने हे दोन तुकडे वेगवेगळे पाठवले आणि छोटी पाकिटं साठवून पाठवायची नेगलची जुनी युक्ती चालू असली, तर दुसरा तुकडा पहिल्याची पोच येईपर्यंत अडून राहतो. समोरचं लिनक्सही पोच द्यायला ४० मिलिसेकंद थांबतं, न जाणो, पाठवायला आणखी काही निघालं तर एकदमच पाठवू म्हणून. दोघंही काटकसरी, दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले. हजाराला चाळीसने भागलं की २५. चांगल्या सर्व्हरांत नेगल बंदच असतो. ३८९ मध्ये तर त्याचा वेगळा स्विच आहे. प्रतिस्पर्ध्याला बसवायचं असेल तर तो चालू करा, कोणाच्या बापाला सापडणार नाही.

हार्डवेअर बदललं आणि आकडा हलला नाही, की तो आकडा हार्डवेअरचा नसतो. हे वाक्य चुकून खरं लिहून गेलं. उलटं वाचू नये.

या पायरीतली शेवटची सूचना सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फलदायी. किती उत्तरं आली ते मोजा, काय उत्तर आलं ते बघू नका. माराच मुळी चुकीच्या पत्त्यावर करा, म्हणजे डिरेक्टरीत नसलेल्या शाखेत शोध लावा. सर्व्हर ३२ नंबरचा कोड देतो, 'असं काही नाही'. हे सांगायला त्याला फारसं काही शोधावं किंवा वाचावं लागत नाही. नकाराइतकं जलद उत्तर कोणाकडेच नसतं. सरकारी कचेरीत ज्याने काम केलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

पायरी पाचवी: मशीन

नाचता येईना तर अंगण निवडून घ्यावं. सनने २००५ मध्ये टी१ नावाचा प्रोसेसर आणला होता: आठ कोअर, प्रत्येकात चार थ्रेड, म्हणजे एका वेळी ३२ कामं, पण प्रत्येक काम रमतगमत. दशांशाची गणितं करणारा भाग तर आठांत मिळून एकच. पासवर्ड तपासणीचा आणि शोधांचा मारा ३२ बाजूंनी केला की हे यंत्र त्या काळच्या भल्याभल्यांना दमवायचं. त्याच यंत्रावर एकाच थ्रेडने डेटा भरायला घेतला की साधा पीसी पुढे निघून जायचा. एकाच डब्याचे दोन निकाल, दोन्ही खरे. कोणता छापायचा हे पहिल्या पायरीला ठरलेलं आहे.

आजच्या मशीनांत याहून बारीक सोयी आहेत. प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. लाडक्या सर्व्हरच्या वेळी ही काटकसर बंद ठेवा. क्लाउडवर काही स्वस्त मशीनं सुरुवातीला साठवलेल्या पुण्याईवर पळतात आणि ती संपली की मंदावतात, तेव्हा आपली चाचणी आधी, त्यांची जेवणानंतर.

पायरी सहावी: ऑपरेटिंग सिस्टिम

इथे मला एक मत नोंदवायचं आहे. सगळा डेटा रॅममध्ये असेल आणि काम फक्त वाचनाचं असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावाने जे फरक चार्टवर दिसतात त्यातले बरेचसे तिचे नसतात. ते असतात मेमरी वाटून देणाऱ्या लायब्ररीचे (स्लॅपडी तोच ठेवून फक्त जीलिबसीच्या ऐवजी टीसीमॅलॉक जोडलं तरी अनेक थ्रेडच्या माऱ्यात आकडा हलतो), किंवा एका प्रोसेसला १०२४ फाइली उघडता येतील अशा जुन्यापुराण्या मर्यादेचे, किंवा पहिल्या फेरीत डिस्कवरून वाचलेला डेटा दुसऱ्या फेरीला मेमरीत आयता मिळाल्याचे. लिनक्सवर ही कॅश मुद्दाम रिकामी करता येते. दर फेरीआधी ती करावी, अर्थात समोरच्याच्या फेरीआधी.

फरक खरोखर दिसतो तो लिहिताना. 'डिस्कवर पक्कं लिहून दे, मगच परत ये' असं सांगणारी एफसिंक ही आज्ञा सगळीकडे एकाच नावाची आहे, पण तिचा अर्थ एक नाही. मॅकवर साधा एफसिंक डेटा ड्राइव्हच्या हवाली करून मोकळा होतो. ड्राइव्हने तो आपल्या बफरमधून खाली उतरवला का, हे बघायला वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि ॲपलच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे साधा एफसिंक वापरणारं सॉफ्टवेअर साहेबांच्या मॅकबुकवर सर्व्हर रूममधल्या महागड्या यंत्रापेक्षा भराभर लिहिताना दिसू शकतं. साहेब खूश होतात.

लिहिण्याचा वेग आणखी वाढवायचा असेल तर एफसिंक बंदच करा. ओपनएलडॅपमध्ये त्यासाठी एका ओळीचं सेटिंग आहे. त्या दिवशी वीज जाऊ नये, एवढंच.

पासवर्डाचं काय

बाइंड म्हणजे पासवर्ड तपासून आत घेणं. पासवर्ड मीठ घालून एसएचए-१ ने साठवला असेल तर तपासणी एका झटक्यात होते. २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत पहिला आलेला आर्गॉन२ वापरला असेल तर प्रत्येक तपासणी मुद्दाम जड केलेली असते, मेमरी खाते, वेळ खाते. चोराने डेटाबेस पळवला तर त्याला एकेक पासवर्ड फोडताना घाम फुटावा म्हणून. मोजणीत या शहाणपणाला गुण नाहीत. सुरक्षित सर्व्हर शेवटून पहिला येतो. चार्टवर खाली बारीक अक्षरात तळटीप देता येते, पण जागा कमी असते.

सरासरीची जादू

आता आकडे हातात आले. त्यांची सरासरी काढा आणि बाकी सगळं फेकून द्या. का ते एका उदाहरणाने सांगतो, कारण या धंद्यातली सगळ्यात सुंदर फसवणूक हीच आहे, आणि ती बहुतेक लोक नकळत करतात.

समजा मारा करणारे दहा थ्रेड आहेत. प्रत्येक जण प्रश्न विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढचा विचारतो. उत्तराला एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला दहा हजार प्रश्न. चाचणी एक मिनिटाची. मधेच सर्व्हर पाच सेकंद गप्प बसतो. जावाचा सर्व्हर असेल तर मेमरीचा केरकचरा काढायला, दुसरा असेल तर आणखी कशाला. या पाच सेकंदांत दहाही थ्रेड एकेका प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत उभे. नवीन प्रश्न कोणी विचारतच नाही. मिनिट संपल्यावर नोंद होते साडेपाच लाख उत्तरांची, त्यातली फक्त दहा पाच-पाच सेकंदांची. सरासरी काढा: १.०९ मिलिसेकंद. दहा हजारांतली ९,९९९ उत्तरं किती वेळात आली असं विचारा, तरी एकच मिलिसेकंद. सर्व्हर निष्कलंक.

खरी माणसं मात्र अशी सौजन्याने थांबत नाहीत. सर्व्हर गप्प बसला म्हणून कोणी ऑफिसात यायचं थांबवत नाही. प्रश्न त्याच गतीने येत राहिले असते तर त्या पाच सेकंदांत पन्नास हजार जण ताटकळले असते. मारा करणाऱ्याने सर्व्हरच्या सोयीने आपला वेग कमी करायचा आणि मग सर्व्हरची तारीफ करायची, या प्रकाराला गिल टेने यांनी 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असं भारदस्त नाव दिलंय. संगनमताने गाळलेले आकडे. संगनमत कोणी ठरवून केलेलं नसतं, हीच त्यातली मेख.

जावाच्या सर्व्हरचा विषय निघालाच आहे तर: तो सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं संथ असतो, कारण कोणता कोड वारंवार लागतो हे पाहून मग तो मशीनच्या भाषेत उतरवला जातो. प्रतिस्पर्धी जावाचा असेल तर चाचणी सुरू करण्याच्या क्षणी तो सुरू करा आणि तीस सेकंदांत आटोपा. आपला जावाचा असेल तर अर्धा तास तापवत ठेवा.

चार्टचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करू नये, हे तुम्हाला कॉलेजातच शिकवलं असेल.

प्रसिद्धी

आकडे बाहेर सांगण्याआधी लायसन्स वाचा. १९८३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड डेविट आणि सहकाऱ्यांनी डेटाबेस मोजण्याचं एक माप काढलं आणि त्यात ऑरॅकलची कामगिरी यथातथाच निघाली. त्यानंतर ऑरॅकलच्या लायसन्समध्ये अट आली, की आमच्या परवानगीशिवाय बेंचमार्कचे निकाल प्रसिद्ध करायचे नाहीत. ही अट आज डेविट यांच्याच नावाने ओळखली जाते आणि इतर कंपन्यांनीही ती उचलली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वकिलांच्या इंग्रजीत लिहिलं की असं दिसतं. पुढे २००६ मध्ये बर्कली डीबी आणि २०१० मध्ये अख्खी सन ऑरॅकलकडे गेली. म्हणून अहवालात प्रतिस्पर्ध्याला 'उत्पादन ब' म्हणावं. 'उत्पादन अ' कोण हे सगळ्यांना कळतं, त्याचाच चार्ट मोठा असतो.

मीटिंगमध्ये कोणी प्रश्न विचारला तर

बहुतेक जण चार्टच्या रंगांबद्दल विचारतील. कोणी कॉन्फिगरेशनची फाइल मागितली तर मेलने पाठवतो म्हणावं. त्रासदायक प्रश्न एकच, आणि तो सहसा कोपऱ्यातले, निवृत्तीला आलेले सिस्टिम ॲडमिन काका विचारतात: "हे सगळं ठीक आहे, पण आपल्याला लागतात किती?"

याचं उत्तर सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये आयतं पडलेलं असतं. ३८९ बरोबर तर तो लॉग चाळून हिशोब मांडणारं साधनही येतं. लॉग उघडला की पहिली गंमत ही दिसते, की मारा लॉगिनचा नसतोच. कोणीतरी शेअर केलेल्या फोल्डरमध्ये फाइलींची यादी मागतो आणि प्रत्येक फाइलीचा मालक कोण हे विचारायला मशीन डिरेक्टरीकडे शेकडो हेलपाटे घालतं. एका क्लायंटवर कॅश चालू केली की अर्धा मारा नाहीसा होतो.

तरी हिशोब करून बघा. पाच हजार माणसांचं ऑफिस. सगळे सकाळी एकाच पंधरा मिनिटांत आले, आणि प्रत्येकामागे दहा प्रश्न धरले. पन्नास हजार प्रश्न, नऊशे सेकंद. सेकंदाला ५६. उदार होऊन प्रिंटर, वायफाय आणि तो फाइलींचा हेलपाटा धरून दहापट करा, ५६०. चार्टवरचा हरलेला सर्व्हरसुद्धा, साध्यातल्या साध्या मशीनवर, सेकंदाला काही हजार शोध सहज करतो.

काकांनी विचारलंच तर हा आकडा तोंडी सांगावा. चार्टवर घ्यायला जाऊ नये. चाळीस हजारांच्या पट्टीशेजारी ५६ ची पट्टी काढली तर तिची उंची चौकटीच्या रेघेच्या जाडीपेक्षा कमी भरते, आणि प्रिंटर ती छापत नाही.